पाचही खुणा

वत्सलाबाईंचा यंत्रांवर राग नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नाशिकच्या इंदिरानगरातल्या त्यांच्या सोसायटीत बरोबर उलटं बोललं जाई. लखनची आई अडाणी आहे, नव्या गोष्टींना बिचकते, असं लोक म्हणत. बावीस वर्षं जिनं वसतिगृहातल्या दीडशे मुलींचा दोन वेळचा स्वयंपाक केला, कणीक मळायच्या यंत्रापासून वाफेवर भात शिजवायच्या पिंपापर्यंत सगळं जिनं वापरलं, वेळ पडली तर पाना घेऊन खोललंही, ती बाई यंत्राला काय बिचकणार? त्यांचा राग होता तो यंत्र पुढं करून माणसाला खोटं पाडणाऱ्यांवर. आणि हा राग त्यांनी कुठून उसना आणलेला नव्हता.

हरसूलच्या पलीकडं, डोंगराच्या उतारावर वीसेक घरांचा एक पाडा आहे, तिथला त्यांचा जन्म. थोडा भात, थोडी नागली, आणि उरलेलं वर्ष मिळेल ते काम. आई लवकर गेली. थोरल्या बहिणीनं, लंकाबाईनं, वत्सलाला कडेवर घेऊन वाढवलं, तेव्हा लंकाबाई स्वतः परकर सांभाळायच्या वयाची होती. पुढं लंकाबाई शेजारच्याच पाड्यावर नांदायला गेली, आणि वत्सला टोळीबरोबर द्राक्षांच्या कामाला नाशिककडं आली. तिथल्या द्वारका चौकातल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाली करणाऱ्या गेणूशी तिचं लग्न झालं. लखन चौथीत असताना गेणू गेला. त्यानंतर वसतिगृहाचं स्वयंपाकघर मिळालं आणि वत्सलाची वत्सलाबाई झाली.

तिथंच पहिली ठिणगी पडली. एके वर्षी हजेरीला अंगठ्याचं मशीन आलं. वत्सलाबाईंनी अंगठा लावला. मशीन म्हणालं, ओळख पटत नाही. पुसून लावला, तेल लावून लावला, डावा लावला. कसा पटणार? नागलीच्या भाकरी थापून आणि पातेली घासून अंगठ्याची कातडी काचेसारखी गुळगुळीत झाली होती. महिन्याच्या शेवटी कळलं, त्यांची अकरा दिवस गैरहजेरी लागली आहे. गृहपालबाई समोर बसून ताटातली भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, मावशी, मी काय करू, सिस्टीममध्ये तुम्ही आलाच नाहीत.

"मी आले नाय, मंग तुम्ही आत्ता खाताय ती भाकर सिस्टीमनं थापली का?" वत्सलाबाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्या बरोबर वेळेवर कामावर गेल्या, अंगठा लावला, मशीननं नेहमीप्रमाणं नाही म्हटलं, आणि त्या दारातल्या ओट्यावर जाऊन बसल्या. मी आले नाही तर चूल तरी कशी पेटवू, असं त्यांनी हसतमुखानं सगळ्यांना सांगितलं. नऊ वाजता दीडशे मुली रिकामी ताटं घेऊन उभ्या राहिल्या. साडेनऊला हजेरीची जुनी वही कपाटातून बाहेर आली. त्या एका सकाळीत वत्सलाबाई जे शिकल्या ते पुढं कुणी त्यांच्या डोक्यातून काढू शकलं नाही. यंत्र बिचारं चुकतंच, पण चूक समोर दिसत असताना जो माणूस "सिस्टीम सांगते" म्हणतो, तो चुकत नाही. तो हात झटकतो.

आता त्यांचा मुलगा लखन. पोरगा कष्टाळू, निर्व्यसनी, द्वारकेजवळ टीव्ही-फ्रिजच्या एका मोठ्या शोरूमला विक्रीला. नवं काही आलं की आधी त्याच्या घरी. मनगटावर घड्याळ, ते सकाळी सांगणार की रात्री झोप नीट झाली नाही. वत्सलाबाई विचारत, तुझी झोप, तुला कळली नाय का? दारावर कॅमेऱ्याची घंटा आली, ती मांजर आलं तरी वाजे. दिवाणखान्यात एक बोलका डबा आला. त्याला "दिवा लाव" म्हटलं की तो दिव्यांच्या किमती वाचून दाखवी, आणि बटण तर हाताच्या अंतरावर. लखनची बायको तृप्ती गालातल्या गालात हसे आणि उठून बटण दाबे.

इथवर गंमतच होती. मग ते नाणं आलं. शोरूममधल्या एकानं लखनला कुठल्याशा डिजिटल नाण्याच्या नादी लावलं. मोबाइलवर एक हिरवी रेघ रोज वर चढताना दिसे आणि लखनची मान तिच्याबरोबर वर चढे. वत्सलाबाई म्हणाल्या, दाखव बरं नाणं. तो म्हणाला, ते दाखवता येत नाही. मग वाजवून बघता येतं का? नाही. मग दुकानात देऊन मीठ तरी येतं का? त्यालाही अजून अवकाश होता. पडद्यावर कोट घातलेला एक सर येई, गोड गोड शुद्ध बोले, भविष्याचं सांगे. एका मंगळवारी ते ॲप उघडेना. सर नाही, रेघ नाही, लखनची पुंजी नाही आणि तृप्तीच्या पाटल्याही नाहीत. वत्सलाबाईंनी आठ दिवस त्याला सोडलं नाही, आणि नवव्या दिवशी स्वतःच्या कानातल्या बुगड्या काढून सुनेच्या हातावर ठेवल्या.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. लखननं ताक फुंकायलाच घेतलं. त्याच सुमाराला सोसायटीच्या हॉलमध्ये एका माणसाचं व्याख्यान झालं. एआय म्हणे आता कुणाचाही आवाज हुबेहूब काढतं. तुमच्या बापाच्या आवाजात तुम्हाला फोन येईल आणि तुम्ही लुटले जाल. थोड्या वर्षांत तर माणसाची गरजच उरणार नाही. बायका पदरानं घाम पुसू लागल्या. मग त्यानं खोट्या फोनच्या पाच खुणा सांगितल्या. नंबर अनोळखी असतो. बोलणारा घाई करतो. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. आवाज अडखळतो. मागून घरघर ऐकू येते. घाबरून सगळे पुरते गार झाल्यावर त्यानं पिशवीतून पत्रकं काढली. या सगळ्यापासून वाचवणारं कवच, वर्षाची वर्गणी भरून, त्याच्याकडंच मिळत होतं.

वत्सलाबाई घरी येताना म्हणाल्या, आमच्याकडं भगत असाच करतो. आधी भूत दाखवायचं, मग ताईत विकायचा. असे आवाज काढणारे लुच्चे नाहीतच असं त्यांचं म्हणणं नव्हतं. लुच्चे कुठं नसतात? पण भीती विकणाराही लुच्चाच, एवढंच त्या म्हणत होत्या. लखननं ऐकलं नाही. त्यानं कवच घेतलं. घरच्यांसाठी एक गुपित शब्द ठरवला. संकटात फोन करणाऱ्यानं तो सांगायचा. आणि आईच्या मोबाइलवर अशी व्यवस्था केली की ओळखीचे जे अकरा नंबर तेवढेच वाजतील, बाकी सगळे त्याच्याकडं वळतील.

"पाड्यावरची माणसं कुणाच्या पण फोनवरनं लावतात रे," त्या म्हणाल्या.

तो म्हणाला, आई, काही महत्त्वाचं असलं तर मी सांगेनच की. त्यावर काय बोलणार? पोटचा पोरगा, काळजीनंच करत होता. त्या गप्प बसल्या. त्या गप्प बसण्याचा त्यांना पुढं स्वतःवरच फार राग आला.

रविवार होता. दीडच्या सुमारास तिघं जेवायला बसली. लखन खुशीत होता. भात कालवता कालवता त्यानं सकाळची हकिगत रंगवून सांगायला घेतली. आठ वाजता म्हणे तुझ्या फोनवरचा एक कॉल माझ्याकडं वळला. म्हाताऱ्याचा आवाज. वत्सला हाय का, म्हणाला. कोण बोलतंय विचारलं तर म्हणे झिपरू, हरसूलकडून. लंकाला जरा बरं नाय, तुम्ही येऊन जा. काय झालंय विचारलं तर म्हणे काय नाय, जरा बरं नाय. कुठल्या दवाखान्यात ठेवलंय? दवाखान्यात नाय, घरीच हाय. मग डॉक्टर आणा ना! त्यावर गप्प. मागं नुसती घरघर. मग अडखळत पुन्हा तेच, येऊन जा, उशीर नका करू.

"पाचही खुणा जुळल्या, आई! पाचच्या पाच!" लखन म्हणाला. "मी दत्तूला लावून बघितला, तर त्याचा फोन बंद. म्हणजे आधीच बंद पाडला असणार. मग मी गुपित शब्द विचारला. गडबडला तो. सरळ सांगितलं, तू माणूस नाहीस, मशीन आहेस. तीनदा केला त्यानं. शेवटी ब्लॉक करून तक्रार टाकली."

वत्सलाबाईंचा घास हातातच राहिला. झिपरू म्हणजे लंकाबाईचा धाकटा दीर, पासष्टीचा गडी. त्याच्याकडं फोन नव्हताच कधी. दत्तू लंकाबाईचा मुलगा. त्याच्याकडं होता, पण पाड्यावर कुणाच्याच फोनला रेंज नसते. रेंज हवी तर अर्धा तास चढून वरच्या टेपाडावर जावं लागतं, आणि तिथं वारा माणसाला उभं राहू देत नाही. ती घरघर वाऱ्याची होती.

पण खरी गोष्ट वाऱ्याची नव्हती, शब्दांची होती. डोंगरात कुणी गेलं की गेलं असं फोनवर सांगत नाहीत. ऐकणारा एकटा असेल, वाटेत असेल, चुलीपाशी असेल; त्याच्या अंगावर ती बातमी टाकायची नसते. बरं नाही, येऊन जा, एवढंच म्हणतात. कुणी खोदून विचारलं तर आणखी मऊ बोलतात. आणि ऐकणाऱ्यानं पुढं विचारायचं नसतं, उठायचं असतं. गेणू गेला तेव्हा द्वारकेहून पाड्यावर निरोप गेला होता, गेणूला जरा बरं नाही. लंकाबाईनं दवाखाना विचारला नव्हता. ती लावणीच्या चिखलातून तशीच निघाली, मिळेल त्या जीपला लोंबकळत आली आणि बहिणीला पोटाशी धरून तीन दिवस बसली. हे सगळं लखनला माहीत असायला हवं होतं. पण त्याला पाड्यावर जाऊन सात वर्षं झाली होती.

"आक्का गेली," वत्सलाबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. "सकाळी आठला गेल्याचं कळलं, अन् तू मला दीड वाजता सांगतोस. तोंडीलावणं म्हणून."

लखन हसायला गेला, मग हसू अर्ध्यात थांबलं. तो म्हणाला, अगं पण तसं कुणी म्हणालंच नाही. तृप्ती मात्र ताटावरून उठली होती. तिनं जाता जाता एकच सांगितलं, की हा फसवणुकीचा किस्सा सोसायटीच्या ग्रुपवर साडेआठलाच आला होता आणि त्याला चाळीस जणांनी शाबासकीचे अंगठे टाकले होते. लंकामावशींचं नाव त्यात नव्हतं, नाहीतर ती तेव्हाच विचारती. म्हणजे चाळीस परक्यांना साडेआठला कळलं, आणि पाठच्या बहिणीला दीड वाजता. याला काय म्हणायचं? माणसं म्हणे यंत्राच्या हाती जाणार आहेत. जाणार कशाला, ही तर गेली की, आपल्या पायानं, वर्गणी भरून!

वत्सलाबाईंनी खरकटा हात धुतला आणि ट्रंक उघडली. दिवाळीला घेतलेलं एक कोरं हिरवं लुगडं त्यात होतं. सवाष्ण असो की विधवा, बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडावं लागतं, त्याशिवाय तिला उचलत नाहीत. आणि लंकाबाईच्या माहेरचं आता जगात एकच माणूस उरलं होतं. ते मघापर्यंत इंदिरानगरात टेबलाशी बसून भात खात होतं.

त्र्यंबकच्या रस्त्यानं गाडी निघाली. लखन वाटेत दोनदा म्हणाला, अजून खात्री नाही आई. दत्तूचा फोन लागतच नव्हता. वत्सलाबाई मांडीवर लुगडं घेऊन बसल्या होत्या. त्या मनात हिशोब करत होत्या तो वेळेचा. आठला सांगितलं असतं तर साडेआठला निघून अकराच्या आत पोचता आलं असतं. लोक दुपारपर्यंत थांबतात. दोन वाजेपर्यंत थांबतील, फार तर तीन. झिपरूदादा थांबवून धरील. हरसूल गेलं, डांबर संपलं, गाडी खड्ड्यांतून रखडू लागली. सव्वाचारला पाडा दिसला, आणि बाया विहिरीवरून ओल्या केसांनी परत येताना दिसल्या. आंघोळी करून येत होत्या. मग काही विचारायचं उरलं नाही.

तीनपर्यंत थांबले होते. ऊन वाढत होतं, वासरं सोडायची खोळंबली होती, तरी थांबले होते. वत्सला निघाली असंल, झिपरू सगळ्यांना सांगत होता. शेवटी शेजारच्या विमलाबाईनं आपल्या पेटीतलं लुगडं आणलं आणि माहेरचं म्हणून तेच घातलं. विमलाबाई हे सांगताना अशी ओशाळली होती की जणू तिनंच काही चोरलंय. वत्सलाबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. ओल्या मातीपाशी त्या गेल्या, हिरवं लुगडं घडीच्या घडी तिथं ठेवलं आणि कपाळ टेकलं. मग मोठ्यानं रडल्या. कडेवर घेणारी बहीण होती ती. तिला शेवटचं बघायलाही मिळू नये, आणि तेही कुणाच्या शहाणपणापायी?

संध्याकाळ व्हायच्या आत सगळे लंकाबाईच्या ओट्यावर येऊन बसले. झिपरू चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच वत्सलाबाईंजवळ येऊन बसला आणि टेपाडावरचं सांगू लागला. दत्तूच्या फोनला चार्जिंग नव्हतं म्हणून शाळेच्या गुरुजींचा मागून घेतला होता, वारा लय होता, पहिल्यांदा तर आवाजच कळेना.

"तुझा पोरगा म्हणला, तू माणूस नाय," तो म्हणाला. "मी म्हणलो, माणूसच हाय बाबा, लंकाचा दीर हाय. तर म्हणला, शब्द सांग. कोणता शब्द वत्सला? मला काय ठावं नव्हता. तू तरी सांगून ठेवायचा."

वत्सलाबाईंना अंगठ्याचं मशीन आठवलं नाही, काही आठवलं नाही. नुसती आग मस्तकात गेली. जन्मभर नांगर धरलेला, भावजयीला घरात ठेवून सकाळीच डोंगर चढून गेलेला हा माणूस, आणि यानं वाऱ्यात उभं राहून सिद्ध करायचं, की मी माणूस आहे? कुणापुढं? तर ज्यानं कोटातल्या सराला एक प्रश्न न विचारता बायकोच्या पाटल्या दिल्या त्याच्यापुढं. त्या सराचं बोलणं शुद्ध होतं, अडखळत नव्हतं, मागं घरघर नव्हती. पाचांतली एकही खूण त्याला लागू पडली नसती.

झिपरू लखनला म्हणाला, ते जे काय बंद केलंय ते उघड बाबा, गुरुजींचा फोन हाय, दहाव्याचं कळवायला लागंल. लखनची मान खाली गेली. त्यानं मोबाइल काढला, पण तिथं रेंज नव्हती. मग तो दत्तूला आणि आणखी दोघा-तिघांना समजावू लागला, की आजकाल काय काय होतं, एआय म्हणजे काय, मोठमोठी शिकलेली माणसं कशी फसतात, आणि म्हणून माणसानं किती जपून राहावं लागतं. माणसं ऐकून घेत होती. डोंगरातली माणसं पाहुण्याचं ऐकून घेतात.

वत्सलाबाई उठल्या आणि लेकासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"त्यानं तुझ्याकडं काय मागितलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी?"

"फोनवरच्यानं. पैसं मागितलं?"

"नाही."

"बँकेचा नंबर? आकडा? कायतरी मागितलं असंल ना."

लखन म्हणाला, "नाही. या, म्हणाले."

"या म्हणाला," वत्सलाबाई म्हणाल्या. "बरं, तो खोटा होता असं धरू. मशीन होतं. आपण त्याचं ऐकून सकाळीच निघालो असतो, तर अकराला इथं पोचलो असतो. अन् काय झालं असतं? आक्का या दारात बसलेली दिसली असती. हसली असती, येड्यांनो, कुणी सांगितलं म्हणून. चहा टाकला असता. भाकर खाऊन आपण परत गेलो असतो, अन् वाटंत तू मला म्हणला असतास, आई, फसलो."

त्यांनी ओट्याचा खांब धरला.

"असं फसायला तुझं काय जात होतं रे?"